गेटजवळची लसणीच्या वासाची फुलं

बी-२०३: मंडळी, गेटजवळच्या वाफ्याला पाणी घालताना झाडाला पाय घासला आणि एकदम लसणीचा वास आला. वर फिकट जांभळ्या फुलांचे झुबके आहेत. काय लावलंय तिथे?

ए-१०४: लसूणवेल असणार. आमच्या गॅलरीच्या जाळीवर चढवलाय. फूल उमलतं तेव्हा गडद जांभळं, मग फिकट, शेवटी जवळजवळ पांढरं. एकाच वेळी तिन्ही रंग दिसतात, बघत राहावं असं.

बी-२०३: वेल नाहीये काका. गवतासारखं ठोंब आहे, चपटी बारीक पाती.

सी-४०१: ताई, एका दांड्यावर फुलं किती? पाकळ्या मोजा.

बी-२०३: थांबा, खालीच आहे. दांड्याच्या टोकाला दहा-बारा फुलं. सहा-सहा पाकळ्या, चांदणीसारख्या. खाली बारीक नळी.

सी-४०१: मग टुलबाघिया व्हायोलेसिया. मूळची दक्षिण आफ्रिकेची, बागकामवाले हिला सोसायटी गार्लिक म्हणतात. काकांचा वेल दक्षिण अमेरिकेतला, कूळही वेगळं. त्याचं फूल कर्ण्यासारखं, काठाला पाच पाकळ्या.

ए-१०४: बरोबर. पानंही जोडीनं येतात आणि मधून ताणा निघतो. पण मग वास सारखा कसा?

सी-४०१: दोन्हींत गंधकाची संयुगं आहेत. पान चुरडलं की वास सुटतो. ताईंचा पाय घासला म्हणून तर कळलं.

ए-३०२: माझ्या कुंडीतही हेच आहे! पात चुरडली, लसणीचाच वास. फुलं मात्र गुलाबी, दांड्यावर एकेकच.

सी-४०१: एकेकच? काकू, त्याआधी गेटजवळची पात चुरडली होती का?

ए-३०२: हो, आत्ताच वर आले.

सी-४०१: मग तो वास बोटांचा असेल. साबणानं हात धुवा आणि नवी पात घ्या.

ए-३०२: धुतले. आता नुसता हिरवट वास येतोय.

सी-४०१: फोटो टाका ना.

ए-३०२: 📷

सी-४०१: रेन लिली आहे. काकू, हिचे कंद विषारी असतात आणि फुलं नसताना दोन्हींची पाती अगदी सारखी दिसतात. कृपा करून नुसत्या वासावर कुणी काही तोंडात घालू नका. पात, फूल आणि वास, तिन्ही जुळायला हवं.

ए-३०२: बाई गं! नातू त्या कुंडीतली माती उकरत बसतो. आत्ताच वरच्या फळीवर ठेवते.

बी-२०३: मी वाफ्यात नावाची पाटी लावते. सी-४०१, स्पेलिंग पाठवा.