जॉर्जियाने हरवलं म्हणून लगेच आर्च?

डावा टॅकल

शनिवारी, १९ ऑक्टोबर २०२४ ला, आपला टेक्सास विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ जॉर्जियाकडून हरला आणि बर्न्ट ऑरेंज यांनी रविवारी इथे लिहिलं: ‘क्विन संपला. व्हँडरबिल्टपासून आर्चच हवा. यूटीएसएविरुद्धचे चार टचडाउन सार्कला दिसले नाहीत का?’ तीनच वाक्यं, पण त्यांत इतकं गाळलंय की उत्तर लांबणार. नवख्यांसाठी: क्विन यूअर्स आपला पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून हल्ला चालवणारा; आर्च मॅनिंग त्याचा बदली; सार्क म्हणजे प्रशिक्षक सार्किसियन; व्हँडरबिल्ट येत्या शनिवारचा प्रतिस्पर्धी.

आधी ते चार टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं). १४ सप्टेंबरला यूटीएसएसमोर (सॅन अँटोनियोचं टेक्सास विद्यापीठ) क्विनचा ऑब्लिक, कंबरेच्या बाजूचा स्नायू, दुखावला आणि आर्च आत आला. १२ पैकी ९ पास, २२३ यार्ड, ४ टचडाउन, वर ६७ यार्डांची धाव. ५६-७ ने जिंकलो. डोळ्यांचं पारणं फिटलं, मान्य. पुढच्या शनिवारी लुईझियाना-मनरोसमोर २९ पैकी १५ आणि दोन इंटरसेप्शन (पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात). ते ५१-३ च्या विजयाच्या गादीखाली सरकवलं गेलं, कोणी उचलून बघितलं नाही. मग मिसिसिपी स्टेट: ३१ पैकी २६, ३२५ यार्ड. सुरेखच. पण याच मिसिसिपी स्टेटला दोन आठवडे आधी टोलेडोने त्यांच्याच मैदानात ४१-१७ धुतलं होतं. या तिघांपैकी एकाचीही पुढची फळी जॉर्जियाच्या वाऱ्याला उभी राहणार नाही.

आणि आर्चला जॉर्जियासमोर घातलं नाही असं थोडंच आहे? १९ ऑक्टोबरलाच घातलं. क्विनला दुसऱ्या क्वार्टरमध्ये बसवलं, आर्च दोन सिरीज (चेंडू आपल्याकडे असतानाचा एक सलग हल्ला म्हणजे सिरीज) खेळला. ६ पैकी ३ पास, १९ यार्ड, चेंडू हातातून सुटला. मध्यंतराला जॉर्जिया २३-० पुढे. परत क्विन.

आता सात सॅक (पास फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) का झाले ते बघा. आपल्या फळीतला मधला माणूस, सेंटर जेक मेजर्स, स्नॅपआधी (चेंडू मागे देण्याआधी) बोट दाखवून ‘माइक’ ठरवतो, म्हणजे समोरच्या फळीमागचा मधला लाइनबॅकर. त्यावर सगळा हिशेब: समोरचे चार आणि माइक हे पाच लाइनमनचे, उरलेला लाइनबॅकर रनिंग बॅकचा (चेंडू घेऊन धावणाऱ्याचा). म्हणजे सहा जण झाकले. सातवा आला तर तो कोणाचाच नाही, त्याच्यासाठी क्वार्टरबॅकने चेंडू लगेच सोडायचा. जॉर्जियाने बऱ्याचदा संख्या वाढवलीच नाही, फक्त जागा बदलल्या. त्यांचा लाइनबॅकर जेलन वॉकर कधी कडेला, कधी मधे. शेजारचा आमच्या टॅकलला (फळीच्या टोकाच्या माणसाला) बाहेर खेचतो आणि वॉकर आतल्या फटीतून येतो. टॅकल आणि त्याच्या आतला गार्ड यांनी एकमेकांकडे माणूस सोपवायला अर्धा सेकंद उशीर केला की खेळ खलास. एकट्या वॉकरचे तीन सॅक. इथे मागे उभ्या असलेल्याचं आडनाव काय आहे याने काडीचा फरक पडत नाही.

बर्न्ट ऑरेंज

आडनावाचा विषय तुम्ही काढलात, मी नाही. क्वार्टरबॅक म्हणून गाजलेले आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय असले म्हणून पोराने हात बांधून बसायचं का?

माइकचा पाठ छान झाला. आता त्याच परिच्छेदात तुम्हीच लिहिलेलं वाचा: ‘चेंडू लगेच सोडायचा.’ त्यांचा कॉर्नर (कडेच्या रिसीव्हरला, म्हणजे पास पकडणाऱ्याला, झाकणारा) डेलन एव्हरेट कोपऱ्यातून आला तेव्हा क्विनने सोडला? हातातून उडाला! कॉर्नर ब्लिट्झ (कॉर्नरने अचानक क्वार्टरबॅकवर धावून येणं) लपवणं सोपं नसतं. कॉर्नर येणार असेल तर त्याच्या रिसीव्हरवर कोणीतरी जावं लागतं, म्हणून सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) स्नॅपआधीच त्या बाजूला सरकतो. सेफ्टी सरकला की रिसीव्हर मोकळा, चेंडू तिकडे, सहा-सात यार्ड फुकट. ही खूण तिसऱ्या वर्षी सुरू करणाऱ्या क्वार्टरबॅकला दिसू नये? ती लाइनची चूक कशी?

दुसरं, पायांचं गणित. साध्या धावेत क्वार्टरबॅक चेंडू देतो आणि प्रेक्षक होतो, दहा विरुद्ध अकरा. झोन रीडमध्ये समोरच्या फळीच्या कडेचा एंड मुद्दाम मोकळा सोडतात. तो आत वळला तर क्वार्टरबॅक चेंडू ठेवून बाहेरून पळणार, जागेवर थांबला तर चेंडू बॅकला. एक माणूस हात न लावता बाद. क्विनच्या वेळी एंड त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, सरळ बॅकच्या पाठीत जातो. ऑब्लिक नुकताच बरा झालाय हे सगळ्या कॉन्फरन्सला (आपल्या स्पर्धागटाला) ठाऊक आहे.

आणि थंड अंगाने, २० पॉइंट मागे असताना, बाकावरून उठवून दिलेल्या दोन सिरीज म्हणजे परीक्षा नव्हे. तो अपघात होता.

थर्ड अँड लाँग

तुम्ही दोघं क्वार्टरबॅकवर भांडा. धावण्याचे एकूण २९ यार्ड! अख्ख्या सामन्यात! सार्कने धाव सोडूनच दिली होती. दहा यार्डांसाठी चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात. पहिल्या डाउनला पास, तो चुकला की दुसऱ्याला पास, तिसऱ्याला दहा यार्ड हवेत हे सगळ्या स्टेडियमला माहीत. समोरचे कान टवकारून धावत येणारच. माझं नाव उगाच नाही ठेवलेलं.

आकडेमोड

२९ हा आकडा तसा वापरू नका. कॉलेजमध्ये सॅकचे गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात आणि प्रत्येक सॅक एक धाव म्हणून मोजला जातो. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) ते संघाच्या पासिंगमधून जातात. म्हणजे त्या २९ मध्ये सात सॅकचा खड्डा आहे. बॅक लोकांनी खरे किती केले ते बघायचं तर सात धावा बाजूला काढा, गेलेले यार्ड परत मिळवा.

थर्ड अँड लाँग

म्हणजे बॅक लोक शंभरच्या वर गेले असं म्हणायचंय?

आकडेमोड

नाही. २९ मधून ‘सार्कने धाव सोडली’ हे निघत नाही एवढंच म्हणायचंय. सोडली की नाही हे प्रशिक्षकाने बोलावलेल्या प्लेवरून, म्हणजे चालीवरून, ठरतं. पास बोलावला, सॅक झाला, नोंद धावेत. तुमच्या आकड्यात सार्कने बोलावलेले पासच ‘धावा’ म्हणून बसलेत.

थर्ड अँड लाँग

बरं, मास्तर. हरलेल्या सामन्याचा ताळेबंद तपासून मिळाला, धन्यवाद.

डावा टॅकल

आकडेमोड यांचं बरोबर आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे.

आकडेमोड

कोणाच्याही बाजूचं नाही. क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या आकड्यांतही हीच भेसळ असते, त्यामुळे आर्चची ६७ यार्डांची धाव आणि त्याचे सॅक एकाच डब्यात जातात. ‘धावणारा क्वार्टरबॅक’ हे सरासरीवरून सिद्ध करू नका, बोलावलेल्या धावा वेगळ्या मोजा. गुडघा टेकून वेळ घालवतात ते मात्र संघाच्या नावावर लागतं, खेळाडूच्या नाही.

चौथा डाउन

पुण्यातून पहाटे पाचला टीव्ही लावणाऱ्यांच्या वतीने विचारतो: बाटल्यांबद्दल कोणीच का बोलत नाही? आपल्या बॅरनने जॉर्जियाचा पास पकडला, त्याच्यावरच पास इंटरफिअरन्स (रिसीव्हरला अडवल्याचा फाउल) दिला, विद्यार्थ्यांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ थांबला आणि पंचांनी निर्णय फिरवला. त्यातून २३-१५ झालं. कॉन्फरन्सने अडीच लाख डॉलर दंड ठोकला. सामन्यातली आपली सगळ्यात परिणामकारक चाल प्रेक्षकांनी केली, हे दोन्ही क्वार्टरबॅकच्या चाहत्यांनी लक्षात ठेवावं.

बर्न्ट ऑरेंज

मूळ निर्णयच चुकीचा होता.

चौथा डाउन

होता. म्हणून बाटली? उद्या कॉलेज स्टेशनला टेक्सास ए अँड एमच्या लोकांनी तेच केलं तर कोणत्या तोंडाने बोलणार?

डावा टॅकल

बाटल्या पुरे. सेफ्टी सरकतो ही खूण असते, पण जॉर्जियाची सेकंडरी (कॉर्नर आणि सेफ्टी) स्नॅपआधी एक दाखवते आणि स्नॅपनंतर दुसरं करते. दोन सेफ्टी खोल उभे, चेंडू हलला की एक खाली, कधी दोघं उलट फिरतात. प्रशिक्षकाशी जोडणारा हेल्मेटमधला रेडिओ यंदा, २०२४ पासून, आलाय, पण प्ले-क्लॉकवर (चाल सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तो बंद. नंतरचं सगळं क्वार्टरबॅकच्या डोळ्यांवर. तीन वर्षांचा सराव इथेच लागतो. ॲन आर्बरमध्ये मिशिगनला ३१-१२ हरवलं तेव्हा ३६ पैकी २४ आणि ३ टचडाउन कोणाचे होते? गेल्या वर्षी टस्कलूसात अलाबामाविरुद्ध ३४-२४, तिथे ३४९ यार्ड कोणाचे? एका शनिवारात माणूस संपत नाही.

बर्न्ट ऑरेंज

मिशिगन ऑब्लिकच्या आधीचं आहे! फेकायची ताकद खांद्यातून नाही, कंबरेच्या पिळातून येते. तो स्नायू आखडला की मागच्या पायावरून फेकणं वाढतं आणि चेंडू रिसीव्हरच्या मागे पडतो. ओक्लाहोमाविरुद्ध ३४-३ जिंकलो, पण २९ पैकी २० मध्ये १९९ यार्ड. म्हणजे पूर्ण झालेल्या पासला दहाच्याही आत. जॉर्जियासमोर ४३ पैकी २५ मध्ये २११. खोल चेंडू (लांबचा पास) गेलाच नाही. सेफ्टींना मागे उभं राहायचं कारणच उरलं नाही, म्हणून ते खाली आले, म्हणून ब्लिट्झ आला. तुमची लाइनची बाजू इथूनच कोसळते.

डावा टॅकल

खोल चेंडूला पॉकेटमध्ये (लाइनने क्वार्टरबॅकभोवती राखलेल्या जागेत) तीन सेकंद लागतात. ते तीन सेकंद लाइनने दिले का? तुम्ही परिणामाला कारण म्हणताय. नाचता येईना अंगण वाकडं असं क्विनबद्दल म्हणणं सोपं आहे, पण इथे अंगण खरोखर वाकडं होतं.

बर्न्ट ऑरेंज

आणि मी म्हणतोय वाकड्या अंगणात नाचायला पाय लागतात. आर्चचे आहेत.

पोर्टल पुराण

खरा प्रश्न कोणी विचारणार नाही, मीच विचारतो. गेल्या वर्षी क्विनचा खांदा गेला तेव्हा बदली क्वार्टरबॅक मालिक मर्फीने दोन सामने सुरू केले, बीवाययू ३५-६ आणि कॅन्सस स्टेट ३३-३० ओव्हरटाइममध्ये. दोन्ही जिंकले. क्विन परतला, मर्फी बाकावर, मग पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी), मग ड्यूक. आर्चने गेल्या वर्षी दोनच सामने खेळून रेडशर्ट (ते वर्ष खेळण्याच्या मर्यादेत न मोजण्याची सवलत) वाचवला, घाई न करता थांबलाय. तोही गेला तर पुढच्या वर्षी सुरू कोण करणार? तुमचा टॅकल?

डावा टॅकल

तो जाणार नाही. क्विन या हंगामानंतर ड्राफ्टला (एनएफएलच्या निवडीला) जाईल असंच सगळे धरून चाललेत, मग रांगेत पुढे कोणी नाही. दारापर्यंत आलेला माणूस परत का फिरेल? आणि संघ ‘कोण रुसेल’ यावर निवडायचा असेल तर सराव बंद करून वऱ्हाडी मंडळींची बैठकच भरवा.

पोर्टल पुराण

पोर्टल आल्यापासून तेच चाललंय सगळीकडे. तुम्हाला कळलेलं नाही.

डावा टॅकल

मला कळत नाही ते तुम्ही एका ओळीत सांगता, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं.

नॅशव्हिलवाला

शनिवारचा समोरचा संघ कोण आहे हे सोडून सगळं झालं. व्हँडरबिल्टने ५ ऑक्टोबरला अलाबामाला ४०-३५ हरवलं ते असं: ४२ मिनिटं चेंडू स्वतःकडे. त्यांचा क्वार्टरबॅक पाविया स्नॅपआधी घड्याळ शेवटपर्यंत पळू देतो, पळतो, तिसऱ्या डाउनला नेमके चार यार्ड काढतो. तुमच्या हल्ल्याला सामन्यात मोजक्या सिरीज मिळणार. त्यांतल्या दोन ‘आर्चला बघू’ म्हणून घालवल्या तर पाव सामना गेला.

दोन क्वार्टरबॅक वाटून खेळवायचे म्हणणाऱ्यांनी आठवडाही मोजावा. एनसीएएचा (कॉलेज खेळांच्या संघटनेचा) नियम आठवड्याला २० तास, एक दिवस सुट्टी. त्यांत व्हिडिओ, वजनं, बैठका सगळं. पहिल्या फळीबरोबरचे स्नॅप जेमतेम एकाला पुरतात. निम्मे केले की दोघंही अर्धे तयार. सेंटरला दोन आवाज, दोन ताल, म्हणजे फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधीच हलल्याचा फाउल). रिसीव्हरला दोन वेगांचे चेंडू. बदलायचंच असेल तर या सामन्यानंतर बाय (सामना नसलेला आठवडा) आहे, थेट ९ नोव्हेंबरला फ्लोरिडा. दोन आठवडे मिळतात. आत्ता मधेच नको.

बर्न्ट ऑरेंज

हा पहिला माणूस ज्याने आर्चविरुद्ध कारण दिलं, प्रवचन नाही. बायचं मान्य. आठवड्याच्या मध्यावर बदल नको, हेही नाइलाजाने मान्य.

पण एक सांगा. जॉर्जियाच्या क्वार्टरबॅकने, कार्सन बेकने, आपल्याविरुद्ध ४१ पैकी २३, १७५ यार्ड, तीन इंटरसेप्शन, टचडाउन शून्य, आणि जिंकला. का? चेंडू गोललाइनजवळ आला की त्यांनी रनिंग बॅक एटिएनला दिला, तीन टचडाउन. आपण तिथे काय करतो? क्विनला मागे उभं करून पास. तिथे तरी आर्च?

डावा टॅकल

बेकचं उदाहरण माझं आहे. क्वार्टरबॅक इतका वाईट खेळूनही संघ जिंकतो, म्हणजे सामना पुढच्या फळीवर ठरला. तुम्ही ते माझ्याच हातात आणून दिलंत, आभार.

गोललाइनचं म्हणाल तर... तिथे खोल सेफ्टी नसतातच. मैदान संपतं म्हणून सगळे अकरा खाली येतात, आणि ‘दहा विरुद्ध अकरा’ तिथेच खरं बोचतं. दोन यार्ड हवे असताना धावणारा क्वार्टरबॅक म्हणजे एक ब्लॉकर जास्त. वाचायचं काही नसतं, माइक शोधायचा नसतो, स्नॅप घ्यायचा आणि गार्डच्या पाठीमागे घुसायचं. चौथ्या डाउनला दोन यार्ड हवे असतील तर आर्च. बाकी सगळं क्विन. यापुढे एक इंच नाही.

थर्ड अँड लाँग

आर्च आत आला की धाव येणार हे समोरच्यालाही कळेल की.

डावा टॅकल

म्हणून तिसऱ्यांदा त्याच ठेवणीतून टाइट एंडकडे (फळीला लागून उभ्या असलेल्या रिसीव्हरकडे) छोटा पास. हेल्म आहे ना. पहिल्या दोन वेळा मात्र धावच, नाहीतर तिसऱ्यांदा कोणी फसणार नाही.

बर्न्ट ऑरेंज

म्हणजे आडनाव चालतं तर. फक्त दोन यार्डांपुरतं.

आकडेमोड

आणि त्या छोट्या पासवर सॅक झाला तर नोंद धावेतच होईल. नंतर इथे कोणी ‘आर्चची धावण्याची सरासरी बघा’ म्हणून येऊ नका.