अथेन्सच्या सॉक्रेटिस-प्लेटोच्या पुतळ्यांवर रात्री दिवे कशाला?

रानवाट:
अथेन्सच्या पानेपिस्तिमिउ रोडवर अकॅडमीची, म्हणजे ग्रीसच्या राष्ट्रीय विद्वत्संस्थेची, संगमरवरी इमारत आहे, डिझाईन थिओफिल हान्सेनचं, काम १८५९ला सुरू झालं. तिच्यासमोर सॉक्रेटिस आणि प्लेटो बसलेत, उंच खांबांवर अथेना आणि अपोलो. रात्री या सगळ्यावर लाइट सोडतात आणि मला ते अजिबात पटत नाही. प्लेटोच्या गुहेच्या दृष्टांतात साखळदंडांनी बांधलेली माणसं आगीच्या उजेडात भिंतीवर पडलेल्या सावल्यांनाच खरं धरून बसतात, आणि त्याच प्लेटोचा आपण फोकस मारून देखावा केलाय. लोक येतात, फोटो काढतात, जातात.

मीनल_के:
साफ चूक. त्याच गोष्टीत एक जण गुहेतून बाहेर उन्हात येतो ना? प्लेटोचं भांडण सावलीशी आहे, उजेडाशी नाही. आणि सॉक्रेटिस तर अगोरात, भर बाजारात, लोकांना गाठून प्रश्न विचारणारा माणूस. बाजूलाच युनिव्हर्सिटीची इमारत, ऑफिस सुटलेले लोक रात्री तिथूनच जाणार, त्यांना अंधारात काय दिसणार? २०२०मध्ये एलेफ्थेरिया डेकोने अक्रोपोलिसचं, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीचं, लायटिंग एलईडीवर नव्याने केलं, प्रत्येक वास्तू वेगळी उठून दिसावी असं. लायटिंग असं विचार करूनही करता येतं.

ओंकार७:
मी रानवाट यांच्या बाजूने. ख्रि.पू. ३९९ला याच शहराने सॉक्रेटिसला विष पाजलं. मग पश्चात्ताप झाला आणि शिल्पकार लिसिपसकडून ब्राँझचा पुतळा करून घेतला, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा प्राचीन लेखक डायोजिनीस लाएर्टियस लिहितो. जिवंतपणी ऐकायचं नाही आणि मेल्यावर पुतळा, हे तेव्हापासून चालू आहे, आता त्यात दिव्यांची भर.

मीनल_के:
अहो पण शिक्षा काय हवी विचारल्यावर तो कोर्टात म्हणाला की मला प्रिटेनियममध्ये, म्हणजे नगरभवनात, सरकारी खर्चाने जेवू घाला! म्हणजे ऑलिम्पिक विजेत्याचा मान मागितला त्याने. शहराने आपली कदर करावी असं त्यालाही वाटत होतंच की. आणि वडील सोफ्रोनिस्कस दगड घडवणारे होते, त्याला पुतळ्यांचं वावडं कशाला असेल?

रानवाट:
त्याला कदर जिवंत माणसाची हवी होती. पैसे दिव्यांवरच घालायचे तर प्लेटो जिथे शिकवायचा तिथे घाला, अकादिमिया प्लातोनोसची बाग आहे आज, टूरिस्ट फारसे फिरकत नाहीत. बाक टाका, संध्याकाळी लोकांना वाद घालू द्या.

मीनल_के:
बाक जरूर टाका, मी पहिली येऊन बसेन. पण त्यासाठी इथले दिवे मालवायची काहीच गरज नाही.