आईला हॉस्पिसमध्ये नेणं म्हणजे हार मानणं का?

प्रश्न: आईचा कॅन्सर पसरलाय, डॉक्टर म्हणाले आता केमो नको, हॉस्पिस बघा, म्हणजे शेवटच्या काळात आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी ठेवणारी जागा. दोन दिवस ती जेवत नाहीये, मी चमचा घेऊन मागे लागते, तिला वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतंय हो.

उत्तर: ताई, सोडणं नाही हे. सिसिली साँडर्स या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं ते दुखणं आटोक्यात ठेवायलाच, शरीराचं आणि मनाचंही. शेवटी भूक मंदावतेच, जबरदस्ती नको, ओल्या कापसाने ओठ भिजवत रहा.

उत्तर: दुखणं कमी करायला मॉर्फिन देतात, त्याला घाबरू नका. बद्धकोष्ठता मात्र होते, पोट साफ व्हायचं औषध सोबतच मागून घ्या.

उत्तर: बाबा गेल्यावर चार महिन्यांनी त्यांचा चष्मा पुसताना मला रडू फुटलं, तेव्हाही हॉस्पिसच्या सिस्टरचा फोन यायचा. घरच्यांसाठी काय सोय आहे ते आत्ताच विचारून ठेवा.