शब्दचर्चा : झुंज की चढाओढ, वर्चस्व की दरारा? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी ठिकाणं दिली आहेत.)

घोडबंदर रोड : आमच्या वाचनगटात उत्क्रांती मानसशास्त्रावर, म्हणजे माणसाचं मन आणि वागणं उत्क्रांतीतून कसं घडलं यावर, मराठीतून बोलायचं आहे. दाढी, भरदार आवाज, रुंद खांदे ही पुरुषांची लक्षणं कशासाठी टिकली असावीत, हा विषय. दोन जागी अडलोय. नरानरांतल्या किंवा माद्यामाद्यांतल्या स्पर्धेला ‘झुंज’ म्हणावं का? आणि अशा लक्षणांची समोरच्यावर जी छाप पडते तिला सगळे ‘वर्चस्व’ म्हणतात. मला ते पटत नाही.

नौपाडा : झुंज नको. येऊरच्या जंगलात चितळांचे नर शिंगाला शिंग भिडवतात, ती झुंज. टेंभी नाक्याच्या हंडीला गोविंदा पथकांत असते ती चढाओढ. कुणी कुणाला हात लावत नाही, तरी एकाचा थर वाढला की दुसऱ्याची पंचाईत. माणसांत बराचसा मामला असाच. शिवाय झुंज म्हटलं की बायका आपोआप बाहेर राहतात, त्यांच्यातही चढाओढ असतेच. डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवडीच्या, म्हणजे जोडीदार मिळवायला उपयोगी पडणारी लक्षणं पिढ्यानपिढ्या टिकण्याच्या, दोन वाटा सांगितल्या : प्रतिस्पर्ध्याला हटवणं आणि जोडीदाराला भुलवणं. पहिलीला ‘चढाओढ’, दुसरीला ‘पसंती’ म्हणा.

ऐरोली : झुंज अगदीच टाकू नका हो. गोरिलाचा नर मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा, अंगाने भिडायलाच घडलेला, तिथे तोच शब्द हवा. माणसांत उंचीचा सरासरी फरक ७-८ टक्के, सुळेही बारीक. पण दंड-खांद्यांच्या ताकदीतली तफावत उंचीपेक्षा कितीतरी मोठी आहे. ती पूर्वीच्या मारामाऱ्यांतून आली असं काही अभ्यासक मानतात, काही शिकारीकडे बोट दाखवतात.

नौपाडा : मान्य. आता ‘वर्चस्व’. वर्चस्व म्हणजे लागलेला निकाल, कोण वर आणि कोण खाली. दाढी नुसती पाहून निकाल लागत नाही, दरारा वाटतो. प्रयोगांत दाढीवाले चेहरे लोकांना वयाने मोठे आणि आक्रमक वाटतात; देखणे वाटतात का, याची उत्तरं मात्र प्रत्येक अभ्यासात वेगळी. खर्जातल्या आवाजाचंही बरंचसं तसंच. म्हणून ही लक्षणं बायकांना भुलवण्यापेक्षा इतर पुरुषांना दबवायला जास्त उपयोगी पडली असावीत, असा तर्क आहे. मिशीला पीळ देणं, दंड थोपटणं हेही प्रतिस्पर्ध्यासमोरच चालतं. इथे ‘दरारा’च नेमका.

वाशी : दराऱ्याशेजारी ‘मान’ही ठेवा. जोसेफ हेनरिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट या अभ्यासकांनी २००१ मध्ये वरच्या पायरीवर जाण्याचे दोन मार्ग वेगळे काढले : एक धाकाचा, दुसरा कसब पाहून लोकांनी आपणहून दिलेल्या आदराचा. मराठी क्रियापदांत हा भेद स्वच्छ दिसतो. वचक ‘बसवतात’, मान ‘देतात’. पहिल्यात कर्ता वरचा, दुसऱ्यात खालचा. गटाला एवढं सांगितलं तरी निम्मा विषय कळेल.

घोडबंदर रोड : सुरेख! मग ‘रुबाब’?

वाशी : बोलताना खुशाल वापरा. परिभाषेत नको, त्यात धाकही येतो आणि देखणेपणही.