मदत हवी आहे : कॉर्टिकोरेलिन चाचणीला पर्याय कोणता?

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीला कुशिंग सिंड्रोमचे, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त झाल्याने होणाऱ्या विकाराचे, निदान झाले आहे. चेहरा सुजल्यासारखा गोल झाला आहे, पोटावर जांभळे पट्टे उमटले आहेत आणि खाली बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय तिला उठता येत नाही. रक्तात कॉर्टिसॉल आणि मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला ते तयार करायला लावणारे एसीटीएच हे संप्रेरक, दोन्ही वाढलेले आहेत, म्हणजे मूळ दोष अ‍ॅड्रिनल ग्रंथीत नाही. मात्र एमआरआयमध्ये पिट्युटरीवर (मेंदूच्या तळाशी असलेल्या, एसीटीएच तयार करणाऱ्या ग्रंथीवर) स्पष्ट गाठ दिसत नाही.

अशा वेळी कॉर्टिकोरेलिन, म्हणजे मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील, एसीटीएच वाढवणाऱ्या सीआरएच या ४१ अमिनो आम्लांच्या संप्रेरकाचे कृत्रिम रूप, शिरेतून देऊन ठरावीक अंतराने रक्त तपासतात. गाठ पिट्युटरीत असेल तर एसीटीएच आणि कॉर्टिसॉल बहुधा आणखी वाढतात, फुप्फुसासारख्या अन्य ठिकाणी असेल तर सहसा वाढत नाहीत, असे डॉक्टरांनी फार धीराने समजावून सांगितले. परंतु हे इंजेक्शन आमच्याकडे मिळेना, म्हणून त्यांनी डेस्मोप्रेसिन हे औषध देऊन पेट्रोसल सायनसमधून (पिट्युटरीकडून येणारे रक्त वाहून नेणाऱ्या शिरांमधून) रक्ताचे नमुने घेण्याचा पर्याय सुचवला आहे.

ही तपासणी ज्यांच्या घरी कुणाची झाली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा. मांडीच्या शिरेतून तिथवर नळी घालताना कितपत त्रास होतो, आणि एसीटीएचचा नमुना लगेच बर्फात ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचेल याची खात्री रुग्णालयाकडून कशी करून घ्यावी? महाराष्ट्रात कॉर्टिकोरेलिन रीतसर मिळण्याचा मार्ग कुणाला ठाऊक असल्यास तोही कळवावा. शस्त्रक्रियेचा निर्णय याच निकालावर अडला आहे.