ऑफिसच्या ४५ जणांना पुण्यातल्या पेठा चालत दाखवायच्यात – रूट, गाईड, नाश्ता सुचवा

कामाची_कटकट
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात कल्चर कमिटी नावाचं एक लफडं आहे, मी त्यात नाही, तरी माझ्याच गळ्यात पडलंय. डिसेंबरमध्ये चेन्नई आणि गुडगावची टीम येतेय, दोन जर्मन पाहुणे आहेत, आमचे खराडीचे धरून ४५ डोकी. दरवेळी रिसॉर्ट, डीजे आणि रस्सीखेच असते, यंदा साहेबांना "काहीतरी हिस्टॉरिकल" पाहिजे. मी मूळची नागपूरची, पुण्यात सहा वर्षं झाली, शनिवारवाडा बघितलाय पण सिग्नलला थांबून.
हवंय काय तर अडीच तास चालत फेरफटका, इंग्लिश बोलणारा गाईड आणि शेवटी खाणं. बजेट माणशी ७००, सगळं धरून. सातशेच, वर एक रुपया मिळणार नाही. बस कुठे थांबवायची तेही सांगा.

पेठेतला_नाना
पंचेचाळीस माणसं आणि पेठा? ताई, कसब्यातल्या बोळात समोरून एक रिक्षा आली तर आम्ही घरचे लोक भिंतीला चिकटतो. बस आणूच नका.
बाकी रूट सोपा आहे. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, मग जोगेश्वरी, बेलबाग, तुळशीबाग, मंडई, विश्रामबागवाडा. लहानपणापासून हेच चालतोय, गाईडची गरज नाही, रस्त्यात कुणालाही विचारा. सांगतील. कसं सांगतील ते मात्र विचारू नका.

रोम_रिटर्न
आम्ही गेल्या वर्षी रोमला वॉक केला होता. प्रत्येकाच्या कानात छोटा रिसीव्हर, गाईड तिकडे माइकमध्ये हळू बोलतो आणि मागचा माणूस वीस पावलं लांब असला तरी शब्द न् शब्द ऐकू येतो. तसं करा. आपल्याकडे मिळतं का माहीत नाही, महाग असेल, पण एकदाच करताय ना मग चांगलं करा. माणशी २००० तरी धरा.

सुगरण_सखी
वाचतेय. मलाही सोसायटीच्या भिशी ग्रुपला न्यायचंय.
नाश्त्याला तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन, मिसळ एक नंबर.

निवांत_बाबा
सुगरण_सखी, श्रीकृष्ण भुवनमध्ये ४५ जण एकदम बसवून दाखवा, मी तुमच्या भिशीचा हप्ता भरतो. आणि जर्मन माणसाला सकाळी सकाळी तर्री?? मिसळ खायची तर बेडेकर, गोडसर असते, सोसेल त्यांना.

पेठेतला_नाना
बेडेकरांची मिसळ गोड म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. (ती गोडच असते. तशीच असायला पाहिजे.)

शिलेदार_२१
मिसळ राहू द्या हो, मुद्द्याचं बोलू. लाल महाल दाखवताना गाईड लोक सर्रास ठोकून देतात की याच खोलीत महाराजांनी शाएस्तेखानाची बोटं छाटली. सध्याची इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलीये, मूळ लाल महाल कधीच गेला. छापा १६६३ चा. जागेचं महत्त्व आहेच, पण पाहुण्यांना खोटं सांगू नका. तीच गत शनिवारवाड्याची. १७३० ला पाया, १७३२ ला वास्तुशांत आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं खाक. आत उरलीयेत ती जोती आणि हिरवळ. लोक तिकीट काढून आत जातात आणि विचारतात, महाल कुठाय?

भुताटकी_फॅन
पण स्टोरी तर तिथलीच भारी ना! "काका मला वाचवा"! रात्रीचा वॉक ठेवा, ३० ऑगस्ट १७७३ ची गोष्ट अंधारात सांगा, टीम बिल्डिंग आपोआप होईल, सगळे एकमेकांना धरूनच चालतील 😄

शिलेदार_२१
नारायणरावांचा खून झाला हा इतिहास. भूत हा टीआरपी. आणि ते आनंदीबाईंनी ध चा मा केला हेही लगेच जोडू नका, ती लोकांच्या तोंडी रुळलेली गोष्ट आहे, त्या बाईला अडीचशे वर्षं लोक विनाकारण

भुताटकी_फॅन
वाक्य अर्धं राहिलं दादा. कोणी मागून आलं का?

कामाची_कटकट
मंडळी, भूत, मिसळ, रोम सगळं छान आहे, पण बजेट ७०० आहे हो. आणि बसचं कोणीच सांगितलं नाही.

फसलेला_मॅनेजर
आता माझं ऐका, कारण मी हे करून तोंडावर आपटलोय. दोन वर्षांपूर्वी आमचे ६० जण होते. एका इव्हेंटवाल्याने (नाव घेत नाही) एकच गाईड दिला आणि त्याच्या गळ्यात शाळेच्या सहलीला असतो तसला स्पीकर. पहिल्या चौकातच एक आजोबा गॅलरीत आले आणि म्हणाले, "इथे माणसं राहतात, हे म्युझियम नाही." बरोबरच होतं त्यांचं. मग स्पीकर बंद, आणि मागच्या चाळीस जणांना अडीच तास काहीही ऐकू आलं नाही. तुळशीबागेत शिरलो तेव्हा ६० होतो, बाहेर पडलो तेव्हा ४९. अकरा जणी खरेदीला थांबल्या त्या डायरेक्ट संध्याकाळी ग्रुपवर कानातल्यांच्या फोटोतच दिसल्या. एक मॅडम हिल्स घालून आल्या होत्या, त्यांना अर्ध्यातून रिक्षात बसवून दिलं.
आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी इथे अजून एकानेही लिहिली नाही, ती म्हणजे बाथरूम. अडीच तास, त्यात चहा, त्यात निम्म्या बायका. आधी स्वतः चालून बघा कुठे कुठे सोय आहे, आणि मगच रूट ठरवा. इतिहास नंतर.
एका गाईडमागे १५ च्या वर माणसं नकोत. ४५ म्हणजे तीन गाईड, तिघांनी वीस-वीस मिनिटांच्या अंतराने निघायचं.

रोम_रिटर्न
म्हणूनच म्हणालो रिसीव्हर घ्या.

खराडी_टू_पेठ
मी खराडीतच आहे. बस नकोच, मेट्रो करा. रामवाडीला चढा, सिव्हिल कोर्टला (आता स्टेशनचं नाव जिल्हा न्यायालय) बदला, स्वारगेटकडे जाणारी भुयारी लाइन घ्या, कसबा पेठ किंवा मंडई स्टेशनला उतरा. वर आलात की पेठेतच. परत जाताना मंडईतून बसा. पंचेचाळीस जणांचं येणं-जाणं बसच्या भाड्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. कोपऱ्यावर कंपनीची बस उभी करून ड्रायव्हरला "पाच मिनिटं, पाच मिनिटं" करावं लागत नाही ते वेगळंच.

निवांत_बाबा
+१ मेट्रो. मीही तेच लिहिणार होतो.

पर्वती_रोज
पर्वतीला न्या. १०३ पायऱ्या, वरून अख्खं पुणं दिसतं. मी ६३ वर्षांचा आहे, रोज दोनदा चढतो. हल्लीच्या आयटीवाल्यांना जमेल का ते बघा.

कामाची_कटकट
काका, आमच्यात एकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय 🙏

पर्वती_रोज
मग त्यांच्यासाठीच न्यायला पाहिजे.

अक्षरओळख
यादीत भिडेवाडा कोणीच घेतला नाही, कमाल आहे. दगडूशेठसमोर. १ जानेवारी १८४८ ला जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. जर्मन पाहुण्यांना पेशव्यांचे पाच दरवाजे मोजून दाखवण्यापेक्षा इथली गोष्ट जास्त भिडेल.

पेठेतला_नाना
वाडा कुठाय आता? २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला, स्मारक करायला. दाखवणार काय?

अक्षरओळख
शनिवारवाड्यात तरी काय आहे? जोतीच ना? शिलेदारांनी वर लिहिलंच आहे. जागा दाखवायची, गोष्ट सांगायची. तिथून मंडईत न्यायचं, तिथे दुसरी गोष्ट आहे. १८८६ ची इमारत, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून रे मार्केट म्हणायचे. ती बांधायचं ठरत होतं तेव्हा फुले नगरपालिकेत होते आणि शहरात शिक्षणाची आबाळ असताना मंडईवर एवढा पैसा उधळायला त्यांचा विरोध होता. आज त्याच मंडईला त्यांचं नाव. ही गोष्ट चालत चालत सांगितली की दोन जागा आपोआप जोडल्या जातात, नाहीतर वॉक म्हणजे नुसती देवळं मोजत जाणं होतं.

शिलेदार_२१
अक्षरओळख यांना अनुमोदन, क्वचित होतं असं. फक्त शनिवारवाड्याला बाहेरून तरी दहा मिनिटं द्या. दिल्ली दरवाजावरचे खिळे जवळून बघा, हत्तीने डोकं लावून दार फोडू नये म्हणून आहेत ते, आणि रोजच्या येण्याजाण्याला त्याच दारात छोटा दिंडी दरवाजा. ही एक गोष्ट पोरं लक्षात ठेवतात. आत जाऊ नका. तिकिटाची रांग लागते आणि परदेशी पाहुण्यांना तिकीट बरंच जास्त पडतं.

तांब्या_पितळ
एवढा वेळ गप्प होतो, पण आता लिहितो. कसब्यातली तांबट आळी घ्या. आळीच्या तोंडाशी आलात की आधी कानाला कळतं. तांब्याच्या पत्र्याचं भांडं बसवायचं आणि वरून हातोडीचे ठोके. ठोका एका लयीत, प्रत्येक ठोक्याला रुपयाएवढा चमकता खड्डा आणि एकाला लागून दुसरा, ओळ कुठेही तुटत नाही. याला मठारकाम म्हणतात. नुसतं शोभेला नाही, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, भांड्याला ताकद येते. माझे आजोबा हेच करायचे, कानाने कमी ऐकायचे शेवटी, आम्ही घरात सगळे अजूनही मोठ्याने बोलतो.
कारागीर आता थोडेच राहिलेत. आधी जाऊन विचारा, १५ च्या वर माणसं नेऊ नका, फोटो विचारून काढा आणि जमलं तर काहीतरी विकत घ्या. त्यांचं काम अडतं हो तुमच्यामुळे.

त्रिशुंड_त्रिशुंड
सोमवार पेठेत नागेश्वराजवळचा त्रिशुंड गणपती विसरलात सगळे. तीन सोंडा, मोराचं वाहन, अठराव्या शतकातलं दगडी देऊळ. दारावरच्या शिल्पात गोरे शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधतायत. पुण्यात, गेंडा! लांब पडतं थोडं, पण गर्दी नाही. दरवर्षी गुरुपौर्णिमेला तळघरातली समाधी बघायला उघडतात, तेव्हा जातोच मी.

सुगरण_सखी
डिसेंबरमध्ये गुरुपौर्णिमा असते का?

त्रिशुंड_त्रिशुंड
नाही.

फसलेला_मॅनेजर
वेळेचं फायनल सांगतो. शनिवारी सकाळी साडेसातला सुरू, दहाला संपवा. दुपारी चुकूनही नाही. ऊन, ट्रॅफिक, आणि पेठेतली दुकानं दुपारी झोपतात.

खराडी_टू_पेठ
+१ सकाळ.

निवांत_बाबा
सकाळच. मीही तेच लिहिणार होतो.

कामाची_कटकट
(तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार, झाला एकदाचा वॉक.
दुपारी अडीचला केला. शिव्या द्या. साहेबांचा सकाळी म्युनिकचा कॉल निघाला, पुढच्या दिवशी चेन्नईची फ्लाइट, दुसरा मुहूर्तच नव्हता. ४५ मधले ३१ आले, हे एक बरंच झालं. गाईड दोनच मिळाले त्या पैशात, दोन ग्रुप केले. मेट्रोचा सल्ला सोनं. बाथरूमसाठी आदल्या रविवारी मी आणि नवरा अख्खा रूट चाललो, आमचं त्यावरून भांडण झालं पण दोन जागा पक्क्या सापडल्या.
तुळशीबाग कापली. पर्वती, त्रिशुंड, लाल महालाचं आतलं, सगळं कापलं. दिल्ली दरवाजा, तांबट आळी, भिडेवाड्याची जागा, मंडई, एवढंच. खाणं म्हणजे मंडईतले पेरू, तिखटमीठ लावून, आणि चहा. मिसळवाल्यांनी माफ करावं.
तांबट आळीत वीस मिनिटं ठरवलेली, तास गेला. एका जर्मन पाहुण्याने विचारून हातोडी हातात घेतली आणि तयार होत आलेल्या हंड्यावर चार ठोके मारले, चारही चार दिशांना. कारागीर काका काही बोलले नाहीत, हंडा फिरवून बघितला आणि बाजूला ठेवला. मग तो हंडा आम्हालाच घ्यावा लागला. त्याचं बघून चेन्नईच्या दोघींनी एकेक घेतला, तेही कंपनीच्या कार्डावर.
आता अकाउंट्सवाले विचारतायत की टीम बिल्डिंगच्या खर्चात तीन तांब्याचे हंडे कुठल्या हेडखाली टाकायचे. कुणाला अनुभव आहे का?

रोम_रिटर्न
रिसीव्हर घेतले होते का?