कॅनोपीला होल पाडायचेत, तडा जाऊ नये म्हणून काय करता?

लष्करवाला_ग्वाल्हेर
नमस्कार मंडळी, मी आणि काका मिळून दोन सीटचं ॲल्युमिनियमचं विमान बांधतोय, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरामागे शेड आहे तिथे. ॲक्रिलिकची कॅनोपी (बसायच्या जागेवरचं पारदर्शक झाकण) आलीये, आता ती कडेने कापून फ्रेमवर रिव्हेट करायचीये. रेल (फ्रेमची कडेची लांब पट्टी) १.२ मीटरची, रिव्हेट ३.२ मिमीचे. सध्या इथे सकाळी ६-७ डिग्री असतं आणि मे-जूनमध्ये पारा ४५ ला टेकतो. काका म्हणतात होल टाइट ठेव म्हणजे खडखड होणार नाही, मला ते पटत नाही पण कारण नीट सांगता येत नाहीये. कोणी केलंय का हे काम?

मकरपुरा_वर्कशॉप
बडोद्याहून लिहितोय, ॲक्रिलिक कापणं-वाकवणं हाच धंदा आहे आपला. काकांना सांग की ॲक्रिलिक गरमीने ॲल्युमिनियमच्या तिप्पट पसरतं. ५ डिग्रीवरून ४५ ला गेलं की १.२ मीटरच्या रेलवर दोघांत सव्वादोन मिमीचा फरक पडतो. तेवढं सरकायला जागा नसेल तर होलाच्या काठावर ताण येतो आणि तिथूनच चीर निघते, कधी कधी काम झाल्यावर महिन्यांनी, विमान नुसतं उभं असताना. म्हणून ३.२ च्या रिव्हेटला ॲक्रिलिकमधलं होल ४.८ चं पाहिजे, फ्रेममधलं ३.२ च राहू दे. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जा, टोकाची होलं अजून मोकळी ठेव कारण सरकणं तिथेच जास्त, आणि बंद कॅनोपी उन्हात हवेपेक्षा बरीच जास्त तापते.
साधा ड्रिल बिट वापरू नको भाऊ, आरपार जाताना तो झटका देऊन घुसतो आणि टवका उडतो. प्लास्टिकसाठी धार मारलेला बिट नाहीतर स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारा बिट) घे, मागे लाकूड दाबून धर, जोर कमी. कापायला घासून कापणारी छोटी चकती, जिगसॉ नाही. सुटणारा तुकडा कोणीतरी धरायलाच हवा, नाहीतर शेवटच्या दोन इंचात त्याच्याच वजनाने फाटतो. मग काठ ४०० च्या पॉलिश पेपरपर्यंत घास, नखाला एकही खाच लागता कामा नये. आणि हे सगळं आत्ता थंडीत करूच नको. शेडमध्ये हीटर लावून २५-२७ डिग्री आण नाहीतर मार्चपर्यंत थांब.

अनघा_इंदूर
वरचं सगळं बरोबर, केमिकलचं राहिलं. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड, यातलं काही लागू देऊ नकोस, बारीक जाळीसारख्या चिरा पडतात आणि त्या परत जात नाहीत. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे. कुठे स्क्रू लावलेस तर त्याला लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) अजिबात नको, ते ओघळून होलात शिरलं की ताण असलेल्या ठिकाणी ॲक्रिलिक फुटतं, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) वापर. मऊ पीव्हीसीचे वॉशरही नकोत, नायलॉनचे घे. आणि स्क्रू बसला की पाव फेरा उलटा फिरव.

लष्करवाला_ग्वाल्हेर
अनघाताई, दादा, खूप आभार. सव्वादोन मिमीचा हिशोब काकांनी स्वतः कागदावर करून बघितला आणि मग गप्प बसले 🙂 मार्चपर्यंत थांबतोय. एक राहिलं, होल न पाडता सिकाफ्लेक्स नावाच्या गोंदाने चिकटवतात म्हणे, ते कसं?

मकरपुरा_वर्कशॉप
सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही ने करतात बरेच लोक, चांगलं होतं, रबरासारखं असल्यामुळे ते स्वतःच ताणलं जातं. पण थर ३ मिमी तरी ठेव, पातळ लावला तर ताणायला काही उरतच नाही. त्यांचाच प्रायमर लागतो, आणि चिकटलेल्या जागेवर बाहेरून ऊन पोचायला नको. पुढे कॅनोपी बदलायची वेळ आली तर मात्र तासन् तास कापत बसावं लागतं, ते डोक्यात ठेवून ठरव. कॅनोपीवरची संरक्षणाची फिल्म काम होईपर्यंत ठेव, पण फिल्मसकट उन्हात ठेवू नको, भाजून चिकटली की निघता निघत नाही.